कोंबड्याचा पंख आणि ३९४ माकडं

कुत्र्याला विमानाने न्यायचं ठरलं की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वर त्याला श्वास घेता येईल ना? मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोत नोकरी केली त्या काळापासून माझं उत्तरही ठरलेलं. वरचं सोडा, खाली त्याला किती वेळ ताटकळावं लागेल ते आधी विचारा.

इतिहास माझ्या बाजूने आहे. १९ सप्टेंबर १७८३ ला व्हर्सायमध्ये माँगोल्फिए बंधूंच्या फुग्याला पिंजरा बांधून एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा आकाशात सोडले. बघायला खुद्द सोळावा लुई. आठेक मिनिटांत फुगा तीनेक किलोमीटरवर उतरला. तिघेही धडधाकट, फक्त कोंबड्याचा पंख दुखावलेला. वरची हवा बाधली, असा तर्क विद्वानांनी लगेच लढवला. चौकशीत निघालं, की फुगा सुटण्याआधीच मेंढीने कोंबड्याला लाथ हाणली होती!

१९१० साली अटलांटिक ओलांडायला निघालेल्या वेलमनच्या ‘अमेरिका’ या हवाई जहाजावरचं किडो नावाचं मांजर आधी इतकं बिथरलं, की त्याला पिशवीत घालून खालच्या बोटीत सोडायचा घाट घातला गेला. समुद्र खवळलेला, म्हणून परत वर ओढलं. पुढे ते चांगलं रमलं. जहाज अटलांटिकवर सोडून द्यावं लागलं, तेव्हा माणसांबरोबर तेही सुखरूप सुटलं.

माकडांचं नशीब तसं नव्हतं. पोलिओच्या लशीसाठी माकडांची मूत्रपिंडं लागत, आणि ही माकडं आपल्याकडून विमानाने हजारोंनी परदेशी जात. १९५५ च्या सुरुवातीला लंडनच्या विमानतळावर, एका विमानातून उतरवून दुसऱ्यात चढवेपर्यंत, अशीच काही माकडं बंद गाडीत ठेवली होती. त्यातली ३९४ गुदमरून मेली. भारतातून लंडनपर्यंतचं उड्डाण सोसलं त्यांनी. जीव गेला तो उभ्या गाडीत. भारतात संताप उसळला. मार्चमध्ये सरकारने निर्यात थांबवली आणि नंतर अटी घालून पुन्हा सुरू केली. लस हवीच होती, हे मलाही कळतं. पण गाडीचं दार उघडं ठेवायला कुठलं शास्त्र लागतं?

साठच्या दशकाच्या अखेरीस आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जिवंत प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम छापले. प्राणी पिंजऱ्यात ताठ उभा राहील, वळेल, ऐसपैस आडवा होईल. हवेला जाळ्या असतील. पाण्याचं भांडं दार न उघडता भरता येईल. या अटी आजही आहेत. गुंगीचं औषध शक्यतो नको, हा सल्लाही. प्राणी ठेवतात त्या होल्डमध्ये हवेचा दाब केबिनइतकाच असतो. घात होतो तो रॅम्पवर, उन्हात लोडिंगची वाट पाहताना. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धाप टाकूनही अंग नीट गार करता येत नाही. म्हणून मे महिन्यात मुंबईहून कुणी पग न्यायला निघालं, की मी रात्रीचं थेट विमान सुचवतो, आणि तिकीट महाग पडलं तरी मधला थांबा टाळायला सांगतो.