घारीला भूल द्यायला इतकी वर्षं का लागली?

संक्रांतीत गिरगाव-लालबागच्या गच्च्यांवर काटाकाटी रंगते आणि मांजाने पंख कापलेल्या घारी, कबुतरं परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात येऊ लागतात. हे रुग्णालय एकोणिसाव्या शतकातलं. परळचंच पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886चं. माणसावर ईथरचा जाहीर प्रयोग बोस्टनला झाला तो त्याआधी 40 वर्षं, 1846 मध्ये. मग पक्ष्यांसाठी भरवशाची भूल रुळायला 1980चं दशक का उजाडावं लागलं?

उत्तर फुप्फुसात आहे. आपला श्वास ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने बाहेर येतो. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नाही. हवेच्या पिशव्या भात्यासारख्या चालतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, श्वास सोडतानाही. म्हणून वायू झटकन रक्तात उतरतो. खाणीत कॅनरी नेत, ती माणसाआधी कोसळायची, त्याचं एक कारण हेच.

हॅलोथेन 1956 मध्ये वापरात आलं, पण ते हृदयाची लय बिघडवायचं. पक्षी हाताशी असतानाच जायचा. आयसोफ्लुरेन रक्तात कमी विरघळतं, म्हणून लवकर चढतं, लवकर उतरतं आणि हृदयाला त्यामानाने सांभाळून घेतं. मास्क काढला की काही मिनिटांत घार डोळे उघडते.

आणि हो, जखमी पक्षी सापडला तर तुम्ही एवढं करा: छाती आवळून धरू नका. छातीचं हाड हललं नाही तर त्याला श्वासच घेता येत नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि परळ गाठा.