शिवनेरीचा पुरुष दर्यावर

आमच्या पारगावाच्या मुलखांतील घोड, मीना, कुकडी या नद्या पश्चिमसमुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस भीमेला मिळतात. अशा घाटमाथ्यावर, शिवनेरीस जन्मलेल्या पुरुषाने आरमार उभारावे आणि स्वतः गलबतांत बसून दर्यांत शिरावे, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे.

इ. स. १६६५ च्या फेब्रुवारींत शिवाजीमहाराज ८५ गलबते व ३ मोठी तारवे घेऊन मालवणाहून बसरूरवर गेले. बसरूरची लूट सर्वश्रुत आहे. आमचे मन रमते ते परतीच्या वाटेवर. त्या दिवसांत किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो. दक्षिणेस जाणाऱ्या शिडाला तो साह्य करतो, उत्तरेस येणाऱ्याच्या मात्र तोंडावर येतो. गोकर्णीं स्नान व महाबळेश्वराचे दर्शन आटोपून महाराज अंकोल्यास आले, आणि तेथून बहुतेक आरमार पुढे लावून दिले. स्वतः ४,००० पायदळासह खुष्कीने निघाले. जवळ बारा गलबते तेवढी ठेवली, तीं वाटेंतील नद्या उतरण्यापुरतीं. गलबताचा उपयोग होडीसारखा करण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाही!

कारवारांत विजापूरकरांचा शेरखान होता. तेथे व्यापाऱ्यांनीं वर्गणी करून खंडणी भरली. इंग्रज वखारवाल्यांच्या वाट्यास ११२ पौंड आले. ता. २३ फेब्रुवारीस महाराजांनीं कारवार सोडले. पुढे आठच दिवसांनीं, ३ मार्चला, मिर्झाराजा जयसिंग पुण्यास दाखल झाला.