खोल समुद्राचें वजन

इ. स. १७५१ मध्यें हेन्री एलिस या इंग्रज कप्तानानें आफ्रिकेच्या वायव्येस झडपांची बादली मैलभर खोल समुद्रांत सोडली, तों वर पाणी आलें थंडगार! एलिसनें त्यांत मद्य गार केलें. पण उष्ण प्रदेशांत हें पाणी आलें कोठून? ध्रुवाकडील जड पाणी तळाशीं वाहत येतें, असें अनुमान १७९७ च्या सुमारास रम्फर्डनें मांडलें.

हा प्रवाह मोजावा कसा? तो आकाशांतून दिसत नाहीं; मात्र पाण्याचें वजन कळतें. २००२ सालीं सोडलेले ‘ग्रेस’ हे जुळे उपग्रह सुमारें २२० किलोमीटर अंतरानें मागेंपुढें फिरत. खालच्या द्रव्याच्या ओढीनें तें अंतर केसाच्या जाडीहून कमी बदललें, तरी मोजलें जाई. त्यावरून समुद्रतळावरील दाब कळतो; आणि पृथ्वी फिरत असल्यामुळें, सागराच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकावरून प्रवाहाचा जोर काढतां येतो. २००९-१० मध्यें अटलांटिकचा प्रवाह मंदावला, तो समुद्रांतील यंत्रांप्रमाणेंच या नोंदींतही उमटला.

२०१७ सालीं ती जोडी थांबली, दुसरी मे २०१८ मध्यें निघाली. मध्यंतरीं नोंद तुटली. युरोपास ऊब पुरविणारा हा प्रवाह कायमचा क्षीण होत आहे कीं नुसते हेलकावे खात आहे, हें दीर्घ नोंदीवांचून ठरणार नाहीं. कुतूहलास एक बादली पुरते. निर्णयास पिढ्यांची चिकाटी लागते.