खातं काढणं

मंडळी, आपली मराठी मोठी मजेशीर आहे. बँकेत जाऊन 'खातं काढलं' म्हणजे नवीन उघडलं. आणि सर्व्हरवरून कुणाचं 'खातं काढलं' म्हणजे उडवलं! शब्द तेच, पण पहिलं काम पाच मिनिटांत होतं आणि दुसऱ्याकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही. असं का? या वीकेंडला जरा मागे जाऊन बघू.

कॉम्प्युटरवरचं खातं सुरुवातीला खरोखरच हिशोबाचं होतं. १९६१ साली एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या टीमने सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग सिस्टीम चालवून दाखवली. अगडबंब मशीन एकच, वापरणारे अनेक. कुणी किती वेळ वापरला ते मोजायला खातं, आणि दुसऱ्याच्या खात्यात कुणी शिरू नये म्हणून पासवर्ड. गंमत म्हणजे १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना, तर पठ्ठ्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच प्रिंट करून घेतली! मशीनचा वेळ इतका महाग होता की खात्यांवर सगळ्यांचा डोळा असायचा. पुढे मशीन स्वस्त झालं आणि माझ्या मते तिथेच आपली जुनी खाती मिटवायची निकड संपली.

१९७१ मध्ये युनिक्सचं पहिलं मॅन्युअल आलं. युनिक्सने माणसाला आतून नावाऐवजी नंबर दिला. नाव आणि नंबराची जोडी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका माणसाची एक ओळ. खातं काढायचं म्हणजे एडिटर उघडून ती ओळ खोडायची. झालं!

पण खरंच झालं का? डिस्कवरच्या फाइलींवर मालक म्हणून फक्त तो नंबर असतो. ओळ खोडली तरी फाइली तशाच राहतात, बेवारस. पुढे 'यूजरडेल' ही कमांड आली. तिला 'आर' हा ऑप्शन दिला तर होम डिरेक्टरी जाते, पण त्या माणसाने इतरत्र ठेवलेल्या फाइली जागच्या हलत नाहीत. लिनक्सवर 'यूजरअ‍ॅड' सहसा सगळ्यात मोठ्या नंबराच्या पुढचा नंबर देतं. म्हणजे शेवटचंच खातं काढलं असेल, तर उद्या येणाऱ्या नव्या माणसाला तोच नंबर मिळतो आणि सोबत आधीच्याच्या सगळ्या बेवारस फाइलींची मालकी. फुकटात वारसाहक्क!

१९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने वेगळा रस्ता धरला. प्रत्येक खात्याला 'एसआयडी' हा लांबलचक नंबर, एकदा वापरला की पुन्हा कुणालाच नाही. त्यामुळे 'नेट यूजर' कमांडने खातं डिलीट करून त्याच नावाने परत उघडलं, तरी जुन्या परवानग्या परत मिळत नाहीत. वैताग येतो खरा, पण मला हेच जास्त शहाणपणाचं वाटतं.

हे सगळं किरकोळ वाटत असेल तर दोन गोष्टी ऐका. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या फॅनी मे या कंपनीने एका कंत्राटी इंजिनीअरला दुपारी काढून टाकलं. त्याचा अ‍ॅक्सेस मात्र रात्रीपर्यंत चालू होता. तेवढ्या वेळात त्याने रोज चालणाऱ्या एका स्क्रिप्टच्या तळाशी, बऱ्याच रिकाम्या ओळींच्या खाली, ३१ जानेवारी २००९ ला सगळे सर्व्हर पुसून टाकणारा कोड लपवला. नशीब, काही दिवसांतच दुसऱ्या इंजिनीअरच्या तो नजरेस पडला. २०१० मध्ये त्याला ४१ महिन्यांची शिक्षा झाली.

दुसरी गोष्ट मे २०२१ ची. कोलोनियल पाइपलाइन ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं जवळपास ४५ टक्के इंधन वाहून नेणारी कंपनी. हल्लेखोर आत शिरले ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. ते वापरात नसायला हवं होतं, पण चालू होतं, आणि त्याला नुसता पासवर्ड पुरत होता. पाइपलाइन काही दिवस बंद, पंपांवर रांगा, आणि सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी. एक कमांड कुणी वेळेवर चालवली नाही, त्याची ही किंमत!

मग करायचं काय? मी तरी हा क्रम पाळतो. आधी खातं लॉक करायचं आणि त्याची मुदतही संपवायची. नुसता पासवर्ड लॉक केला तर एसएसएच कीने आत येता येतं. मग त्याच्या चालू प्रोसेस आणि क्रॉनजॉब बंद करायचे. त्याच्या नंबराच्या फाइली शोधून कुणाच्या तरी नावावर करायच्या. मॉनिटरिंगचं टूल, डेटाबेस यांची यूजरची यादी बहुधा वेगळी असते, तिथूनही नाव काढायचं. 'यूजरडेल' सगळ्यात शेवटी, आणि तो नंबर परत कुणाला द्यायचा नाही.

नवीन माणूस खातं मिळेपर्यंत दहादा येऊन विचारतो. गेलेला माणूस 'माझं खातं बंद केलंत का?' म्हणून कधीच फोन करत नाही. ती आठवण आपणच ठेवायची. सोमवारी ऑफिसला गेलात की यूजरची यादी एकदा वरून खालपर्यंत वाचा. किती नावं ओळखीची वाटतात ते मोजा, आणि त्यातली किती माणसं अजून तिथे आहेत तेही!