अतिपातळ स्तरित धातुस्फटिक

ज्या स्फटिकांत थरातल्या थरात अणू पक्क्या रासायनिक बंधांनी जोडलेले असतात, दोन थरांमध्ये मात्र केवळ क्षीण व्हॅन डर वाल्स बल असते आणि जे धातूप्रमाणे वीज वाहून नेतात, ते स्तरित धातुस्फटिक. अभ्रकाचे निघतात तसे यांचेही पापुद्रे निघतात. मोजकेच थर उरेपर्यंत सोलत गेल्यास त्यांचे विद्युत व चुंबकीय गुणधर्म पालटतात.

सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो नायोबियम डायसेलेनाइडचा. त्याचा एक थर जेमतेम 0.6 नॅनोमीटर जाडीचा असतो. जाड स्फटिकात सुमारे 33 केल्विनला इलेक्ट्रॉनांची घनता लाटेसारखी कमीजास्त होऊ लागते (प्रभारघनता-तरंग), आणि 7.2 केल्विनला स्फटिक अतिसंवाहक होऊन त्याचा रोध शून्यावर येतो. थर घटले की हे दुसरे तापमान उतरते. एकेरी थरात ते 3 केल्विनच्या आसपास असते. चुंबकीय क्षेत्रापुढे मात्र हाच नाजूक थर विलक्षण चिवट ठरतो. त्यातील इलेक्ट्रॉनांची परिवलने (स्पिन) थराला लंब दिशेत जखडलेली असल्याने थराला समांतर लावलेले क्षेत्र नेहमीच्या पाउली मर्यादेच्या (ज्या क्षेत्रात परिवलने वळून अतिसंवाहकता मोडते, त्या सीमेच्या) सहापट झाले तरी अतिसंवाहकता टिकते, असे 2016 मध्ये दिसून आले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने 2010 मध्ये याच पदार्थाचे 30 ते 50 नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे अधांतरी ताणून कंपित केले. सुमारे 30 केल्विनजवळ, प्रभारघनता-तरंगाच्या संक्रमणाबरोबर, त्यांचा स्थितिस्थापकता गुणांक 10 टक्क्यांनी बदलला. जाड स्फटिकांत पूर्वी नोंदलेल्या बदलापेक्षा हा कितीतरी मोठा होता. एकाच पापुद्र्याने आपले कंपनही सांगावे आणि विद्युत वाहकताही, ही या प्रयोगाची खरी किमया.

चुंबकत्वाचा प्रश्न याहून अवघड. सर्व दिशा सारख्याच असतील तर द्विमितीय थरात उष्णतेने चुंबकीय क्रम मोडतो, हे मर्मिन व वॅग्नर यांनी 1966 मध्ये सिद्ध केले. लोह-जर्मेनियम-टेल्युराइड या धातूत परिवलने लंब दिशा पसंत करतात, म्हणून तेथे क्रम तगतो. जाड स्फटिकाचे क्यूरी तापमान (ज्याच्यावर चुंबकीय क्रम मोडतो ते) सुमारे 220 केल्विन, म्हणजे उणे 53 अंश सेल्सिअस. एकेरी थराचे 2018 मधील एका मापनात सुमारे 130 केल्विन आढळले. इतक्या पातळ तुकड्याचे चुंबकत्व सामान्य चुंबकत्वमापकाला जाणवत नाही, म्हणून तुकड्यातून प्रवाह सोडून आडवी उद्भवणारी हॉल व्होल्टता मोजतात. त्याच वर्षी विद्युत क्षेत्राने लिथियम आयन शिरवून तीन थरांच्या नमुन्याचे क्यूरी तापमान खोलीच्या तापमानापर्यंत नेण्यात आले. पण धरणगाव-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत, म्हणजे 318 केल्विनपर्यंत चढतो. व्यवहारात वापरायच्या उपकरणाला तेवढी झळ सोसावी लागेल.

पापुद्रे चिकटपट्टीने सोलून ऑक्साइडचा लेप असलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर उतरवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंगछटेवरून जाडी ओळखतात. हवेत हे थर लवकर खराब होतात. म्हणून हे काम निष्क्रिय वायूच्या बंद पेटीत करून वर बोरॉन नायट्राइडचा पातळ थर झाकतात.