तलाव कोणाचा?

नवेगावबांधचा तलाव नैसर्गिक असावा, असं पाहणाऱ्याला सहज वाटतं. पण डोंगरांमधल्या मोकळ्या फटी मातीच्या पाळींनी बुजवून तो अडवलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं गॅझेटियर सांगतं. लोकांनी पुढे त्यांना कोलासुर म्हणून देवच केलं. (आमच्या क्षेत्रात जुना कोड लिहिणाऱ्याला लोक शिव्याच घालतात.)

गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे, म्हणून कोहळ्यांनी भातशेतीसाठी तलाव आणि बोड्या बांधल्या. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर मिळून असे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. पुढे ते मालगुजारांकडे आले, म्हणून मालगुजारी तलाव. मालगुजार काही संत नव्हते. गाळ काढायला, पाळीवर माती टाकायला गावच राबायचं. पण तलाव फुटला की मालगुजाराचंही भात बुडायचं, त्यामुळे उन्हाळ्यात ते काम व्हायचं.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ती जायलाच हवी होती. तलाव सरकारकडे आले. कागदावर पाणी, सिंचन, मासेमारीचा ठेका यांची नोंद झाली. दरवर्षीच्या दुरुस्तीची जबाबदारी मात्र कुणाच्याच वाट्याला धड आली नाही. गाळ साचला, काठाने बेशरम माजली. उत्पन्न वाढावं म्हणून रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलं गेलं. हे मासे तलावात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. म्हणजे दरवर्षी बीज विकत घ्या. देशी मासे तिथेच पाणवनस्पतींच्या आडोशाने वाढत होते, ते कमी होत गेले.

हे ढिवरांना ठाऊक होतं. कुठल्या वनस्पतीपाशी कुठला मासा, कुठला पक्षी, हे ज्ञान त्यांच्याकडे होतं, पण ठेक्याच्या कागदात त्याला रकाना नव्हता. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने याच ज्ञानापासून सुरुवात केली. ढिवर बायाबापड्यांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाची नांगरणी केली आणि दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी वनस्पती चिखलात लावल्या. भाताची रोवणी करणाऱ्या हातांना हे काम नवं नव्हतंच. मग देशी मासे परतू लागले.

महाराष्ट्रातले सारस आज मुख्यतः याच जिल्ह्यात उरलेत. धानाच्या बांधीत घरटं, तलावाच्या काठावर चारा. त्यांच्यासाठी आराखडे होतात, गणना होते. पाळीवर दरवर्षी माती कोण टाकणार, हे मात्र १९५१ पासून ठरायचं राहिलंय.