शत्रूच्या घरचे मूल

मंडळाच्या स्मरणिकेत युद्धाची हकीकत कशाला, असे काही भगिनींना वाटेल. परंतु या हकीकतीत तोफा फार थोड्या आहेत. दूध, पाव, बाळंतिणी आणि जमाखर्चाच्या वह्या पुष्कळ आहेत, आणि त्यांतले आपल्याला सेनापतींपेक्षा थोडे अधिकच कळते.

४ ऑगस्ट १९१४ रोजी इंग्लंड जर्मनीविरुद्ध युद्धात उतरले. त्या वेळी लंडनमध्ये हजारो जर्मन माणसे पोटापाण्यासाठी राहत होती. कोणी पाववाले, कोणी न्हावी, कोणी हॉटेलांतले वाढपी. कित्येकांनी इंग्रज मुलींशी लग्ने केली होती, त्यांची मुले शेजारच्या मुलांबरोबर एकाच शाळेत जात होती. आता ही सारी मंडळी शत्रू ठरली. मे १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' ही उतारूंची बोट बुडवली, तेव्हा तर लोकांच्या संतापाला पारावार राहिला नाही. लंडन, लिव्हरपूल अशा शहरांत जर्मन नावाची दुकाने फोडली गेली, आणि सरकारने लढण्याच्या वयाचे जर्मन पुरुष सरसकट छावण्यांत डांबण्यास सुरुवात केली. सर्वांत मोठी छावणी आयल ऑफ मॅन या बेटावर नॉकलो येथे होती. तेथे वीस हजारांहून अधिक पुरुष होते. (त्याच युद्धात आपल्या नगरलाही जर्मन व ऑस्ट्रियन लोकांसाठी अशी छावणी होती, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल.)

नवरा छावणीत गेला. मागे राहिली बायको. ती बहुधा इंग्रज आईबापांची लेक. पण त्या काळच्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या बाईचे नागरिकत्व नवऱ्याच्या मागे जाई. म्हणजे लंडनमध्ये जन्मलेली, जर्मनीचे तोंडही न पाहिलेली बाई कायद्याने जर्मन झाली. घरात मिळवते माणूस नाही, सरकारी मदत तुटपुंजी, आणि कालपर्यंत साखर उसनी मागणारी शेजारीण आज दार लावून घेते. या बायांनी करावे तरी काय?

त्यांच्या दारी जे लोक गेले ते क्वेकर पंथाचे होते. ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला म्हातारा आपल्याला ठाऊक असतो. त्या कंपनीचा या पंथाशी काही संबंध नाही, नाव मात्र तेथूनच घेतलेले आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स याने हा ख्रिस्ती पंथ स्थापला. स्वतःला ते 'मित्र' म्हणवतात. त्यांच्या जुन्या रीतीच्या उपासनेत धर्मगुरू नसतो, पूजाविधी नसतो. सगळे मिळून शांत बसतात, कोणाला बोलावेसे वाटले तर तो उठून बोलतो. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे अशी त्यांची श्रद्धा, आणि म्हणून शस्त्र हाती धरायचे नाही असा त्यांचा जुना बाणा.

ऑगस्ट १९१४ मध्येच त्यांनी संकटात सापडलेल्या जर्मन, ऑस्ट्रियन आणि हंगेरियन लोकांच्या साहाय्यासाठी लंडनमध्ये समिती उभी केली. स्टीफन हॉबहाउस हे तिचे पहिले अध्यक्ष. पुढे लढण्यास नकार दिला म्हणून ते तुरुंगात गेले. समितीच्या स्वयंसेविका घरोघर जाऊन चौकशी करीत, कपडे, भाडे, दूध यांची सोय पाहत. छावण्यांतल्या पुरुषांचे दुःख निराळे होते. तारेच्या कुंपणाआड रिकामे बसून त्यांची मने बिघडू लागली. तेव्हा जेम्स बेली या हस्तव्यवसाय-शिक्षकाने नॉकलोत सुतारकाम, टोपल्या विणणे असे उद्योग सुरू करून दिले. हे सारे सुखासुखी झाले असे मात्र नाही. शत्रूचे लाड करणारे म्हणून या मंडळींची वर्तमानपत्रांतून हेटाळणी झाली. ज्या घरातला मुलगा फ्रान्समध्ये मारला गेला, त्या घराला हे पाहून काय वाटत असेल याचा विचार केला, तर त्या संतापालाही सर्वस्वी दोष देववत नाही.

दोस्त राष्ट्रांच्या दुःखाकडे क्वेकरांनी पाठ फिरवली होती असेही नाही. डिसेंबर १९१४ मध्ये फ्रान्समधील शालोन-सुर-मार्न येथे त्यांनी प्रसूतिगृह उघडले. रॅन्स शहरावर आणि आघाडीवरच्या खेड्यांवर तोफांचा मारा होत होता; तेथल्या गरोदर बायांनी जायचे कोठे? एडिथ पाय ही शिकलेली सुईण त्या प्रसूतिगृहाची प्रमुख होती. युद्ध संपेपर्यंत तेथे हजाराच्या आसपास बाळे जन्मली. फ्रेंच सरकारने तिला 'लीजन ऑफ ऑनर' हा बहुमान दिला.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थांबल्या, पण उपासमार थांबली नाही. दोस्तांची सागरी नाकेबंदी पूर्णपणे उठायला जुलै १९१९ उजाडले. एग्लंटाइन जेब ही बाई क्वेकर नव्हती, तरी तिचे नाव येथे घेतलेच पाहिजे. १९१९ मध्ये तिने लंडनच्या ट्रफाल्गर चौकात ऑस्ट्रियातील भुकेल्या बालकाचे चित्र असलेली पत्रके परवानगीवाचून वाटली. तिच्यावर खटला झाला आणि पाच पौंड दंड झाला. तो भरायला पुढे आले ते सरकारी वकीलच! बालकांसाठी तिने उभारलेल्या निधीची ही पहिली देणगी म्हणून सांगतात. 'सेव्ह द चिल्ड्रन' ती हीच संस्था.

व्हिएन्नाची अवस्था तर फारच कठीण होती. साम्राज्य मोडले, धान्य पिकवणारा हंगेरी आणि कोळसा पुरवणारा बोहेमिया परदेश झाले, आणि अफाट वस्तीचे शहर उपाशी राहिले. १९१९ मध्ये डॉ. हिल्डा क्लार्क ही क्वेकर डॉक्टरीण तेथे गेली. शालोनचे प्रसूतिगृह उभारण्यातही तिचा हात होता. मुलांना दूध नाही हे तिने पाहिले. डबाबंद दूध परदेशातून आणून किती दिवस पुरणार? तिने हॉलंड आणि स्वित्झर्लंडमधून गाई विकत आणवल्या, भोवतालच्या शेतकऱ्यांना दिल्या आणि किमतीपोटी पैसे न घेता दूध घेतले. ते दूध शहरातल्या बालसंगोपन केंद्रांत जाई. गाय शेतकऱ्याची झाली, दूध मुलांचे झाले आणि भिकेचा प्रश्न उरला नाही. घर चालवणाऱ्या बाईच्या डोक्यातच यावी अशी ही युक्ती आहे, असे मला तरी वाटते.

जर्मनीतले काम अमेरिकन क्वेकरांनी उचलले. हर्बर्ट हूवर हे तेव्हा अमेरिकेच्या युरोपातील अन्नसाहाय्याचे सूत्रधार होते. त्यांच्या विनंतीवरून फेब्रुवारी १९२० मध्ये मुलांना जेवण देण्यास प्रारंभ झाला आणि जून १९२१ मध्ये रोजची पंगत दहा लाख मुलांच्या वर गेली. पीठ आणि साखर जर्मन सरकारने द्यावी, कोको, दूध, तांदूळ, स्निग्ध पदार्थ बाहेरून यावेत आणि रांधण्या-वाढण्याचे काम तेथल्याच बायांनी करावे, अशी व्यवस्था होती. जर्मन भाषेत या जेवणाला 'क्वेकरश्पायझुंग' हे नाव पडले ते अजून टिकून आहे.

या कामाची एक बाजू मात्र वाचताना जीव कासावीस करते. अन्न सगळ्यांना पुरणारे नव्हते. डॉक्टर मुलांना तपासत, वजन-उंची पाहत, आणि सर्वांत खंगलेली मुले तेवढी निवडत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनाही त्यात जागा होती. मिळालेले जेवण तेथेच बसून खायचे, घरी न्यायचे नाही. नियम योग्यच होता, नाहीतर एका वाटीचे चार वाटे झाले असते. पण घरी धाकटे भावंड उपाशी आहे हे ठाऊक असलेल्या सातआठ वर्षांच्या पोरीने तो पाव कसा गिळला असेल? वाढणाऱ्या बायांनाही हे दिसत होतेच, आणि तरी त्यांना नियम पाळावा लागे.

आता एक कठीण प्रश्न. १९२० साली दहा वर्षांचे असलेले मूल १९३९ साली एकोणतीस वर्षांचे झाले. क्वेकरांच्या दुधावर वाढलेल्या मुलांतले किती हिटलरच्या सैन्यात गेले असतील! मग ते दूध वाया गेले का? मला तसे वाटत नाही. भुकेल्या मुलाने पुढे कसे वागावे याचा करार करून घेऊन कोणी वाटी पुढे करीत नाही. पुढच्या पापाचे धनी पुढचे लोक.

त्या दुधाची आठवण मात्र एकदा उपयोगी पडली. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली, दुकाने लुटली गेली. डिसेंबरमध्ये रूफस जोन्स आणि दोन सहकारी बर्लिनला गेस्टापोच्या कचेरीत गेले. जोन्स पंचाहत्तर वर्षांचे होते. महायुद्धानंतर आम्ही तुमच्या मुलांना जेवू घातले, असे निवेदन त्यांनी अधिकाऱ्यांपुढे ठेवले आणि ज्यूंना मदत करण्याची परवानगी मागितली. अधिकारी वरिष्ठांना विचारायला आत गेले. हे तिघे डोके लववून मुकाट प्रार्थना करीत बसले. परवानगी मिळाली, असे जोन्स यांनी लिहून ठेवले आहे. तिचा उपयोग मर्यादितच झाला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बर्था ब्रेसी आणि इतर क्वेकर ज्यू संस्थांच्या बरोबरीने गृहमंत्र्यांना भेटले, आणि मुलांना देशात घेण्याचे ठरले. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या नऊ महिन्यांत सुमारे दहा हजार मुले आगगाडीने व बोटीने इंग्लंडला पोहोचली. आईबापांना येण्याची मुभा नव्हती. स्टेशनावर निरोप दिलेल्या त्या आईबापांपैकी बहुतेकांची मुलांशी पुन्हा भेट झाली नाही.

दुसऱ्या महायुद्धात हे लोक आपल्याकडेही आले. १९४२ च्या ऑक्टोबरात मिदनापूरला वादळ झाले, पाठोपाठ १९४३ चा बंगालचा भीषण दुष्काळ पडला. गांधीजींचे स्नेही होरेस अलेक्झांडर यांच्याबरोबर क्वेकरांचे पथक त्या वेळी बंगालमध्ये राबत होते आणि तेथेही पहिला प्रश्न मुलांच्या दुधाचाच होता.

१९४७ चे नोबेल शांतता पारितोषिक क्वेकरांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन अशा दोन सेवासंस्थांना विभागून मिळाले. ब्रिटिशांतर्फे मार्गारेट बॅकहाउस आणि अमेरिकनांतर्फे हेन्री कॅडबरी ते घ्यायला ऑस्लोला जाणार होते. समारंभाला मागे शेपट्या असलेला लांब काळा कोट लागतो, आणि कॅडबरींकडे तो नव्हता. संस्थेच्या गोदामात त्या वेळी बुडापेस्टच्या वादकांना पाठवण्यासाठी लोकांकडून तसेच जुने कोट गोळा केलेले होते. त्या ढिगातून एक कॅडबरींच्या अंगाला बसणारा निघाला, आणि तो उसना कोट घालून ते पारितोषिक घ्यायला उभे राहिले.